पुरण आणि ओझोनी

मूळ गाव सोडून दूर जाऊन राहिलेल्या माणसांच्या घरात सर्वांत शेवटी बदलते ते स्वयंपाकघर. पोशाख दोन पिढ्यांत बदलतो, बोलण्यात शेजारची भाषा मिसळते, गावाकडचा पत्रव्यवहार एके दिवशी थांबतो. परंतु सणाच्या दिवशी पानात काय वाढावयाचे, या प्रश्नावर घरातील वडीलधारी मंडळी तडजोड करीत नाहीत. हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. ज्यांची घरे शतकभर वा त्याहून अधिक काळ महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आहेत, त्या प्रत्येकाकडे असा एखादा पदार्थ असतोच, की ज्यात केलेला फेरफार घरात खपत नाही.

आमच्याकडे तो पदार्थ म्हणजे पुरणपोळी. खापरपणजोबा वाईहून बडोद्यास आले आणि गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकुनीवर लागले, त्याला आता सहा पिढ्या झाल्या. होळीला आमच्या घरी पुरण शिजते ते हरभऱ्याच्या डाळीचे, आणि त्या डाळीच्या पाण्याची, म्हणजे कटाची आमटी होते. आमटीत पडणाऱ्या काळ्या मसाल्याचे पुडके आम्ही मोठे होईपर्यंत वाईच्या नातलगांकडून दरवर्षी येत असे. शेजारच्या गुजराती घरांत त्याच सुमारास तुरीच्या डाळीची वेढमी होई. तिचा वास भिंतीवरून आमच्या अंगणात येई. आजी म्हणत, "तुरीच्या पुरणाला कट कुठला? ज्याला कट नाही ते पुरणच नव्हे." हे वाक्य आमच्या घरात एखाद्या न्यायनिवाड्यासारखे मानले गेले.

१९८२ साली आमच्या धाकट्या बंधूंचा विवाह झाला. भावजय माहेरची गुजराती, नडियादची. पुढच्या होळीला तिने आजींना दबकत विचारले, की पोळ्यांबरोबर चार वेढम्या करू का? आजी एवढेच म्हणाल्या, "या घरात पुरण हरभऱ्याचे असते." तिने पुन्हा कधी विचारले नाही. वर्षभरात ती हरभऱ्याचे पुरण असे उत्तम करू लागली, की आजींनी स्वतः तिची पाठ थोपटली. पुढे कित्येक वर्षे हा प्रसंग आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो, आजींच्या करारीपणाचा आणि भावजयीच्या समजूतदारपणाचा दाखला म्हणून. या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता. त्या दिवशी आम्ही दोघेही स्वयंपाकघरात हजर होतो, थोरले होतो, आणि काहीही बोललो नव्हतो.

हे सारे आठवण्याचे कारण बडोद्यापासून फार दूर, जपानच्या उत्तर टोकाशी, एका वाडग्यात सापडले.

आमची लेक शिक्षणासाठी जपानला गेली, नोकरीनिमित्त तेथेच राहिली, आणि २०२० साली तिने एका जपानी सहकाऱ्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. महामारीचे दिवस होते. आम्हांस जाता आले नाही. व्याह्यांची ओळख झाली ती संगणकाच्या पडद्यावर, परस्परांना वाकून नमस्कार करीत. जात, धर्म, भाषा यांविषयी जे वाटावयाचे ते वाटून झाले. परंतु अखेरपर्यंत टोचत राहिलेला प्रश्न अगदी लहान होता, आणि तो मोठ्याने विचारण्याची लाज वाटत होती: त्या घरी आम्ही जेवणार काय? आमचे घर शाकाहारी. आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता: आमच्या लेकीच्या घरी यापुढे काय शिजणार?

अखेर २०२२ च्या डिसेंबरात आम्ही तोक्योला पोचलो. पहिल्या आठवड्यातच समजले, की जपानात शाकाहाऱ्याची अडचण मांसामुळे होते त्याहून अधिक पाण्यामुळे होते. तेथील स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे सार. कात्सुओ नावाचा मासा उकडून, पुनःपुन्हा धुरावर धरून आणि वाळवून लाकडासारखा टणक करतात, मग रंध्यासारख्या पात्यावर त्याचा कीस काढतात. तो कीस उकळत्या पाण्यात क्षणभर टाकून गाळला, की दाशी तयार. मिसोचे सूप, शेवयांचा रस्सा, शिजवलेला भोपळा, पालकावरचे पाणी, सर्वांत ती असते. भोपळ्याची भाजी म्हणून पुढे आलेल्या बशीत मासा डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. लेक प्रत्येक ठिकाणी विचारी, आणि बहुतेक ठिकाणी वाढणारी व्यक्ती खेदाने मान लववी.

याच देशात एके काळी मांस निषिद्ध होते, हे वाचून आम्हांस नवल वाटले. तेन्मू सम्राटाने इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या भक्षणास वर्षातील काही महिने मनाई केली. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाने चतुष्पादांचे मांस शतकानुशतके कमी-अधिक वर्ज्य राहिले. १८७२ च्या जानेवारीत मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा ती जुनी चौकट उघडपणे मोडली. मासा मात्र या निषेधात कधीच नव्हता. संपूर्ण निरामिष अन्न उरले ते मठांत. त्याला 'शोजिन-रियोरी' म्हणतात. त्यात कांदा-लसूणही नसतो. आपल्या चातुर्मासाची आठवण व्हावी. सोतो पंथाचे संस्थापक दोगेन यांनी १२३७ साली मठातील मुख्य आचाऱ्यासाठी एक पुस्तिका लिहिली. तरुणपणी, १२२३ साली, चीनच्या बंदरात जहाजावर असताना त्यांना एक वृद्ध भिक्षू भेटला. तो आपल्या मठाच्या स्वयंपाकासाठी अळंबी घेण्यास कित्येक कोस चालत आला होता. दोगेननी त्याला थांबून तत्त्वचर्चा करण्याचा आग्रह केला. वृद्ध म्हणाला, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, तो दुसऱ्यावर कसा सोपवू? दोगेन या भेटीचे ऋण आयुष्यभर मानत राहिले.

तोक्योत असतानाच जावयांनी आम्हांस शिंजुकू येथील नाकामुराया हे जुने दुकान दाखविले. रासबिहारी बोस भारतातून निसटून १९१५ साली जपानात आले, तेव्हा या दुकानाचे मालक असलेल्या सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवले. १९१८ साली त्या घरची कन्या तोशिको हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२५ मध्ये ती निवर्तली. १९२७ साली त्याच दुकानात रासबिहारींच्या सांगण्यावरून खऱ्या भारतीय चवीची करी सुरू झाली, आणि ती तेथे आजही मिळते. करी कोंबडीची, त्यामुळे आम्ही ती खाल्ली नाही. पण एका जपानी घराने भारतीय जावयाच्या चवीला आपल्या चुलीवर जागा दिली होती, एवढे मनात नोंदून पुढे निघालो.

३० डिसेंबरला आम्ही साप्पोरोस पोचलो. खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ, आणि दारात विहीणबाई, व्याही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले. आमच्या आजींच्या पिढीत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही घेत नसत. आम्ही तो उंबरठा ओलांडला, त्यांनी दिलेला हिरवा चहा दोन्ही हातांनी घेतला, आणि घर पाहू लागलो.

गप्पांच्या ओघात कळले, की हे घराणे मूळचे साप्पोरोचे नव्हे. १८६९ साली मेइजी सरकारने एझो बेटाला होक्काइदो हे नाव दिले आणि तेथे वसाहत सुरू केली. ती भूमी मुळात आयनू लोकांची. त्यांच्या वाट्याला या वसाहतीत काय आले याची कबुली देण्यास राज्यकर्त्यांना फार वेळ लागला. आयनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता देणारा कायदा २०१९ साली झाला. आपल्या पणजोबांच्या नांगराखाली आलेली जमीन कुणाची होती, हे व्याह्यांनी आमच्यापासून लपविले नाही. पणजोबा आले ते दक्षिणेकडील शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. चार पिढ्या झाल्या. "आम्ही येथे सहा पिढ्यांचे," असे आम्ही बडोद्याविषयी सांगितले तेव्हा जावयांनी भाषांतर करण्यापूर्वीच व्याह्यांनी मान डोलावली. आकडा त्यांना बोटांवरून समजला होता.

त्या घरात जेवताना आम्हांस प्रथम जाणवले ते आपल्या डाव्या हाताचे परकेपण. आपल्याकडे जेवताना डावा हात मांडीवर असावा अशी शिस्त. तेथे डाव्या हाताने भाताचे वाडगे उचलून धरणे हीच शिस्त. रिकामा डावा हात मेजाखाली गेला तर ते बेफिकिरीचे लक्षण. भात डावीकडे, सूप उजवीकडे, ही मांडणी चुकवावयाची नाही. आपल्या पानातही मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे, हे आम्ही सांगितले तेव्हा विहीणबाईंनी कागद-पेन्सिल आणून पानाचे चित्रच काढून घेतले. आपला पेला आपण भरावयाचा नाही, शेजाऱ्याचा भरावयाचा. मग तो आपला भरतो. पंगतीत स्वतःच्या हाताने वाढून घेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

जेवणाआधी सर्वजण हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. साधारणपणे त्याचा अर्थ 'नम्रपणे ग्रहण करतो' असा सांगतात, पण त्या क्रियापदाचा मुळातला अर्थ मस्तकावर धारण करणे असा आहे. प्रसाद हातात आला की आपण तो आधी मस्तकी लावतो. येथे ती कृती शब्दात राहिली आहे. जेवणानंतरचा शब्द 'गोचिसोसामा'. त्यातील 'चिसो' म्हणजे धावाधाव, पाहुण्यासाठी जिन्नस जमविताना यजमानाने केलेली धावपळ. आपले 'अन्नदाता सुखी भव' अन्न देणाऱ्याचे कल्याण चिंतिते. हा शब्द त्याच्या दमलेल्या पायांची आठवण ठेवतो. त्या रात्री आम्हीही दोन्ही शब्द म्हटले. त्यांतील दुसऱ्याचा खरा अर्थ मात्र दोन दिवसांनी कळावयाचा होता.

होक्काइदोत नववर्षाचे खास जेवण, 'ओसेची', ३१ डिसेंबरच्या रात्रीच सुरू होते. लाखकाम केलेले चौकोनी डबे एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक पदार्थाला एक शुभार्थ. काळे सोयाबीन, 'कुरोमामे', निरोगी व उद्योगी राहावे म्हणून. कमळकाकडी, तिच्या भोकांतून पुढचे वर्ष स्पष्ट दिसावे म्हणून. चेस्टनट आणि रताळ्याचे सोनेरी गोड, धन यावे म्हणून. माशाच्या अंड्यांचा डबा विहीणबाईंनी मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. विलोच्या लाकडाच्या काड्या दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या: एक टोक माणसाचे, दुसरे देवाचे. नवे वर्ष येते म्हणजे देव येतो, आणि तो याच काड्यांनी आपल्याबरोबर जेवतो.

तेथेच आमच्या हातून चूक झाली. कमळकाकडी लेकीच्या आवडीची. लहानपणापासूनच्या सवयीने आम्ही एक चकती उचलली आणि थेट तिच्या काड्यांकडे नेली. तिचा हात जागीच थांबला. मेजावर क्षणभर शांतता पसरली. मग व्याह्यांनी हसत एक छोटी बशी आमच्या हाताखाली सरकविली. चकती बशीत ठेवली, तिथून लेकीने उचलली, आणि संभाषण पुन्हा सुरू झाले. कारण रात्री कळले. दहनानंतर आप्त दोघादोघांनी काड्यांनी अस्थी उचलतात आणि एकमेकांकडे देत कलशात ठेवतात. काड्यांकडून काड्यांकडे काही देणे एवढ्या एकाच प्रसंगी घडते. भातात काड्या उभ्या रोवावयाच्या नाहीत, कारण तसे वाडगे मृताच्या उशाशी ठेवतात. आम्ही ओशाळलो, पण बुचकळ्यात पडलो नाही. श्राद्धाच्या पानाभोवती आपण रांगोळी काढीत नाही आणि पानात तीन पोळ्या वाढीत नाही. विहीणबाईंनी हे ऐकले आणि मुळ्याच्या लोणच्याच्या बशीकडे बोट दाखविले. त्यात दोन चकत्या होत्या. तीन चकत्या म्हणताना 'अंग कापणे' असा ध्वनी निघतो, म्हणून एदो काळातील सामुराई त्या टाळीत, असे सांगतात.

१ जानेवारीच्या सकाळी 'ओझोनी' आली. नववर्षाच्या पहिल्या सकाळी जपानभर हे मोचीचे सूप खातात, पण त्याचे रूप प्रांतागणिक वेगळे. मोची म्हणजे चिकट जातीचा तांदूळ शिजवून, कुटून केलेला गोळा. पूर्वेकडे तो चौकोनी आणि सूप नितळ; पश्चिमेकडे गोल, आणि क्योतोच्या बाजूस सूप पांढऱ्या मिसोचे. होक्काइदोत येऊन वसलेल्यांनी आपापल्या प्रांताची ओझोनी बरोबर आणली. त्यामुळे येथे शेजारशेजारच्या घरांत दोन तऱ्हा असू शकतात, आणि कोण मुळात कुठून आले हे त्या सकाळी वाडग्यावरून ओळखता येते. कागावाची तऱ्हा सर्वांत निराळी: पांढऱ्या मिसोचे सूप, मुळा आणि गाजर यांच्या गोल चकत्या, सर्व काही सुरळीत 'गोल' पार पडावे म्हणून, आणि मोचीच्या पोटात अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड सारण. कागावात, म्हणजे जुन्या सानुकी प्रांतात, साखर पिके. पण शेतकऱ्याला ती खाण्याची चैन नव्हती. म्हणून वर्षातून एकदा त्याने गोड मोचीच्या आत लपविले, असे सांगतात.

मोची घशात अडकून जपानात दर नववर्षी वृद्ध माणसे दगावतात. विहीणबाईंनी आमच्या वाडग्यांतील मोची लहान केली होती, आणि लेक "सावकाश, बारीक घास" म्हणून दर घासाला बजावीत होती. आम्ही पहिला घास घेतला. सूप खारट आणि किंचित गोड, ऊन. मग मोचीचे मऊ आवरण, आणि त्यातून एकाएकी सारणाचे गोड. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कटाच्या आमटीत बुडवून खाल्लेली पुरणपोळी! पदार्थ वेगळे, धान्य वेगळे, मसाल्याचा मागमूस नाही. पण डाळीच्या गोडाला खाऱ्या रसात बुडवून खाण्याची ती खोडी नेमकी तीच होती. आम्ही दोघांनी दुसरे वाडगे मागितले. लेकीने ते वाढले, पण आमच्याकडे न पाहता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी पिण्यास स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा फळीवर एक न उघडलेले पाकीट दिसले. वर लहान रुपेरी माशांचे चित्र. लेक मागे उभी होती. ते 'इरिको', सुकविलेली बारीक मासळी. कागावातील इबुकी बेटाची इरिको नावाजलेली. दर डिसेंबरात तिकडच्या नातलगांकडून हे पुडके आणि पांढरा मिसो साप्पोरोस येतो. या घरची ओझोनी चार पिढ्या याच इरिकोच्या दाशीत शिजत आली, युद्धाच्या आणि टंचाईच्या वर्षांतही मिळेल तेवढ्या मुठीत. या वर्षी ते पुडके उघडले गेले नाही.

मग लेकीने सर्व सांगितले. आम्ही येणार हे ठरल्यावर विहीणबाईंनी शोजिन-रियोरीचे पुस्तक आणले. कोम्बू ही समुद्रवनस्पती होक्काइदोचीच. जुन्या काळी कितामाए नावाची गलबते ती इथून पश्चिम किनाऱ्याने ओसाकापर्यंत नेत, वाटेत सानुकीच्या तादोत्सु बंदरातही लागत. १९०८ साली तोक्यो विद्यापीठाचे किकुनाए इकेदा यांनी याच कोम्बूतून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. कोम्बू थंड पाण्यात रात्रभर भिजवून, सुकविलेल्या शीताके अळंबीचे पाणी त्यात घालून निरामिष दाशी होते. विहीणबाईंनी ती डिसेंबरात तीनदा करून पाहिली. दोनदा व्याही म्हणाले, ही आपली नव्हे. तिसऱ्यांदाही ते तेच म्हणाले, पण वाडगे रिकामे केले. आणि १ तारखेच्या सकाळी, आम्ही उठण्यापूर्वी, घरातील 'बुत्सुदान' या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे पहिले वाडगे ठेवले गेले, ते त्याच पातेल्यातले.

आम्ही विहीणबाईंची क्षमा मागितली. आमच्यापायी घरची चार पिढ्यांची रीत मोडली, असे म्हणालो. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारले. लेकीने भाषांतर केले ते असे: "बुत्सुदानापुढे खरे तर मासळीविरहितच ठेवावे असे शास्त्र आहे. आमच्याकडे ते कधी पाळले गेले नव्हते. तुम्ही आलात म्हणून या वर्षी पाळले गेले." आमच्यासाठी केलेल्या त्यागाचे ओझे त्यांनी आमच्या खांद्यावर राहू दिले नाही, उलट उपकार आमचाच ठरविला. पुढच्या वर्षी इरिकोचे पुडके उघडेलच, हेही हसत सांगितले. रीत मोडली नव्हती. पाहुण्यासाठी ती एक पाऊल बाजूला सरून उभी राहिली होती.

'गोचिसोसामा' या शब्दातील धावपळ आता आमच्या ध्यानात आली. पण त्याहून एक जुनी गोष्ट ध्यानात आली, आणि तिने आमची झोप उडविली. या बाईंच्या घरी आम्ही चार दिवसांचे पाहुणे. आमच्यासाठी तिने पूर्वजांपुढचे वाडगे बदलले. आणि आमच्या घरी जी मुलगी जन्मभरासाठी आली, तिने चार वेढम्यांची परवानगी मागितली, तेव्हा आम्ही थोरले असून मान खाली घालून पोळी खात राहिलो. वर ती कथा चाळीस वर्षे कौतुकाची म्हणून सांगितली. आजींना दोष देण्याचा हा प्रसंग नव्हे. परक्या मुलखात त्यांना हातातून काही निसटू द्यावयाचे नव्हते. परंतु आजी गेल्यालाही तीस वर्षे होऊन गेली. मधल्या प्रत्येक होळीला आम्हांस तोंड होते.

मार्च २०२३ मध्ये होळीच्या दोन दिवस आधी आम्ही भावजयीकडे गेलो. ती आमच्याच वाड्यात, मागल्या सोप्यात राहते. साप्पोरोची सारी हकीगत सांगितली आणि म्हटले, की या होळीला वेढमी करशील का? ती बराच वेळ डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दादा, आता? हात विसरले असतील." थोड्या वेळाने जावेला विचारले, "वहिनी, घरात तूरडाळ किती आहे?"

होळीच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दोन पातेल्यांत दोन डाळी शिजल्या. नैवेद्याच्या पानात हरभऱ्याची पुरणपोळी होती आणि तिच्या शेजारी एक वेढमी, आकाराने लहान, जाडसर, तुपाने निथळणारी. जेवावयास बसलो, तेव्हा भावजयीने आम्हा दोघांपुढे एकेक वाटी ठेवली. पातळ, पिवळसर, कढीलिंबाची फोडणी दिलेले काही होते. आम्ही विचारले, हे काय?

"ओसामण," ती म्हणाली. "तूरडाळीच्या वरच्या पाण्याचं. माझी आई वेढमीबरोबर नेहमी करायची."

आम्ही वेढमीचा तुकडा त्यात बुडविला आणि खाल्ला. तुरीलाही कट असतो. भिंतीपलीकडच्या घरांत तो दर वर्षी शिजत होता, आणि आमच्या घरात तो करू शकणारी दोन हातांची जाणती बाई चाळीस वर्षे वावरत होती. ती पाठ वळवून तव्याकडे गेली. आम्ही दुसरी वाटी मागितली.